सुरक्षा दुरुस्त्या: आवृत्तीचा आकडा कसा वाढवावा आणि अपडेट किती दिवसांनी काढावं?

अनुस्वार (धागाकर्ता)

आम्ही काही जण मिळून एक मुक्त-स्रोत सर्व्हर प्रोग्राम लिहितो आहोत. सध्या तो ०.९ वर आहे, लवकरच १.० जाहीर करायचा विचार आहे. १.० म्हटलं की लोक तो खऱ्या कामाला लावणार, त्यात स्वतःची माहिती ठेवणार. त्यामुळे त्याआधी दोन गोष्टी लिहून ठेवायच्या आहेत. एक, आवृत्तीचा कुठला आकडा केव्हा वाढवायचा. दोन, सुरक्षा त्रुटी सापडली तर तिची दुरुस्ती केव्हा बाहेर काढायची.

आमच्यात दोन तट आहेत. काहींचं म्हणणं, दर तीन महिन्यांनी एक रिलीज काढू, त्यातच सगळं घालू: नव्या सोयी, बग फिक्स, सुरक्षा दुरुस्त्या. फार तातडीचं काही निघालं तरच मध्ये पॅच काढू. इतरांचं म्हणणं, सुरक्षेची दुरुस्ती तयार झाली की त्याच दिवशी काढायची, कशाचीही वाट पाहायची नाही.

माझं मत सांगतो. दिवस किती हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. सुरक्षेची दुरुस्ती एकटी बाहेर पडली पाहिजे. तिच्याबरोबर नवं बटण, नवी सेटिंग, डेटाबेसमधला बदल, काहीही येता कामा नये. आणि ती तशी एकटी आहे हे नुसत्या आकड्यावरून कळलं पाहिजे. हे जमलं तर आठवड्याला एक काढली तरी लोक घेतील. नाही जमलं तर वर्षाला एक काढली तरी पुढे ढकलतील.

पण आम्ही लिहिणारे आहोत, चालवणारे वेगळे असतात. इथे दोन्ही बाजूंचे लोक आहेत, म्हणून विचारतो आहे.

रात्रपाळी

चालवणाऱ्यांच्या बाजूने लिहितो.

अपडेट आलं की आमच्याकडे काय होतं ते आधी सांगतो. बॅकअप घ्यायचा. टेस्ट सर्व्हरवर चढवून पाहायचं. वापरणाऱ्यांना कळवून डाउनटाइमची वेळ मागायची. खऱ्या सर्व्हरवर चढवायचं. काही बिघडलं तर मागे कसं यायचं, म्हणजे रोलबॅक, तेही आधीच ठरवून ठेवायचं. एका सर्व्हरला एक संध्याकाळ जाते असं धरा. सर्व्हर कधीच एक नसतो.

त्यामुळे मला ठरलेला वार हवा. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २००३ पासून महिन्याचा दुसरा मंगळवार धरला तो याच कारणाने. त्याआधी पॅच कधीही यायचे, आणि येतील तेव्हा हातातलं काम टाकून धावावं लागायचं. ओरॅकल तर तीन महिन्यांनी एकदा काढतं: जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. तीन महिने मला जास्त वाटतात, पण तारीख आधीपासून माहीत असते याची किंमत मोठी आहे. माणसं, सुट्ट्या, कामं, सगळं त्यानुसार लावता येतं.

अनुस्वार यांच्या 'एकटी दुरुस्ती' या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा. गळका नळ नीट करायला आलेल्याने भिंतींचा रंगही बदलून जायचा, असं चालू असलं की पुढच्या वेळी माणूस त्याला बोलवायच्या आधी दहादा विचार करतो. दुरुस्ती नको म्हणून कोणी अपडेट टाळत नाही. सोबत काय काय येईल ही भीती असते.

आणि टाळल्यावर काय होतं हे २०१७ मध्ये दिसलं. विंडोजमधल्या एसएमबीच्या, म्हणजे नेटवर्कवर फाइल वाटून घेण्याच्या सोयीतल्या, त्रुटीचा पॅच १४ मार्चला आला होता. वॉनाक्राय हा खंडणी मागणारा घातक प्रोग्राम पसरला १२ मेला. मध्ये जवळजवळ दोन महिने. ज्या आवृत्त्या तेव्हा सपोर्टमध्ये होत्या त्यांच्यासाठी पॅच काढणाऱ्यांनी काम केलेलं होतं. तो चढला नाही. म्हणून धोरण लिहिताना 'आपण किती लवकर काढू' एवढंच लिहू नका. 'समोरचा किती लवकर चढवू शकेल' हेही धरा.

काटेकोर

आकड्यांसाठी चाक नव्याने शोधायची गरज नाही. सेमॅन्टिक व्हर्जनिंग घ्या, मेजर.मायनर.पॅच. जुनं काही मोडलं तर पहिला आकडा, काही न मोडता नवं आलं तर दुसरा, नुसती दुरुस्ती असेल तर तिसरा. तुम्ही आत्ता ०.९ वर आहात, तिथे काहीही बदलायची मुभा आहे, नियमातच तसं लिहिलं आहे. १.०.० काढलं की शब्द दिला.

सुरक्षेची दुरुस्ती म्हणजे १.०.१, १.०.२. अनुस्वार यांना हवं ते आपोआप मिळालं.

तिठा

काटेकोर, आपोआप मिळत नाही. सेमव्हरमध्ये, म्हणजे तुमच्या सेमॅन्टिक व्हर्जनिंगमध्ये, सुरक्षेला वेगळी जागाच नाही. १.०.७ मध्ये स्पेलिंग सुधारलं की पासवर्ड न देता आत शिरता येत होतं ते बंद केलं, आकड्यावरून कळत नाही. दोन्ही पॅचच.

आणि सुरक्षेची दुरुस्ती नेहमी 'काही न मोडता' होते असंही नाही. लॉग४जे या जावा प्रोग्रामांच्या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीचं उदाहरण घ्या. डिसेंबर २०२१ या एका महिन्यात २.१५.०, २.१६.०, २.१७.० आणि २.१७.१ अशा चार आवृत्त्या आल्या. २.१६.० मध्ये मेसेजच्या आत लुकअप करण्याची, म्हणजे दुसरीकडून माहिती शोधून आणण्याची, सोयच काढून टाकली आणि जेएनडीआय (जावाची तशी शोधाशोध करणारी सोय) मुळात बंद ठेवलं. सुरक्षेसाठी ते अगदी बरोबर होतं. पण ती सोय मुद्दाम वापरणाऱ्याचं काम मोडलं. कडक नियमाने ती ३.०.० व्हायला हवी होती. आणि ३.०.० असं नाव दिलं असतं तर अर्ध्या लोकांनी हातही लावला नसता.

म्हणजे त्रुटी एखाद्या सोयीतच मुरलेली असेल तर 'जुनं मोडायचं नाही' आणि 'भोक बुजवायचं' ही दोन्ही वचनं एकत्र पाळता येत नाहीत. अशा वेळी कुठलं वचन मोडणार हे धोरणात लिहा. माझं मत: सोय बंद करा, तिसराच आकडा वाढवा, आणि ज्याला ती सोय हवीच आहे त्याला सेटिंगमधून जोखीम पत्करून चालू करू द्या.

काटेकोर

हा मुद्दा मान्य. पण हे अपवादाने घडतं. अपवादासाठी नियम सोडू नये.

सरळरेघ

आकड्यांना अर्थ असतो हे गृहीतकच मला पटत नाही. लिनक्स कर्नल पाहा. पूर्वी मधला आकडा विषम असेल तर प्रयोगाची शाखा, सम असेल तर स्थिर, असा संकेत होता. तो सुटला. मग २.६.३९ नंतर २०११ मध्ये थेट ३.० आलं, त्यात फार मोठं काही नव्हतं. आकडे वाढत जाऊन बोजड झाले, एवढंच कारण. पुढे ३.१९ नंतर ४.०, ४.२० नंतर ५.०, ५.१९ नंतर ६.०, सगळं त्याच कारणाने.

क्नूथ यांच्या टेक या अक्षरजुळणीच्या प्रोग्रामचा आकडा तर पाय (π) या गणिती संख्येच्या जवळ जवळ सरकतो, सध्या ३.१४१५९२६५३. त्यातून एवढंच कळतं की प्रोग्राम जवळजवळ पूर्ण झाला आहे. क्नूथ यांना तेवढंच सांगायचं होतं.

तुमच्या कामाला मला तारीखच योग्य वाटते. उबुंटूचा पहिला रिलीज ४.१०, म्हणजे २००४ चा ऑक्टोबर. पाहताक्षणी कळतं की आपण किती जुनं चालवतो आहोत. सुरक्षेच्या बाबतीत वापरणाऱ्याला हेच कळणं सगळ्यात महत्त्वाचं.

पायवाट

मी प्रोग्रामर नाही, धागा आवडला म्हणून वाचते आहे. माझ्या मोबाइलच्या सेटिंगमध्ये 'अँड्रॉइड आवृत्ती' वेगळी दिसते आणि 'सुरक्षा पॅच' म्हणून खाली एक तारीख दिसते. तुम्ही बोलताय ते हेच का? दोन वेगळे कशासाठी?

तिठा

पायवाट, हेच, आणि फार चांगलं उदाहरण दिलंत. २०१५ मध्ये स्टेजफ्राइट नावाच्या त्रुटी उघड झाल्या, नुसत्या एका एमएमएसने फोन ताब्यात जाऊ शकत होता. त्या ऑगस्टपासून गूगल दर महिन्याला सुरक्षा बुलेटिन काढू लागलं आणि पुढे फोनवर ती तारीख दिसू लागली. अर्थ असा की या तारखेपर्यंतच्या बुलेटिनमधल्या दुरुस्त्या या फोनमध्ये आहेत. अँड्रॉइडची आवृत्ती जुनी असली तरी ही तारीख ताजी असू शकते. उलटही होतं: आवृत्ती नवी, तारीख आठ महिने मागची. फोन घेताना आणि वापरताना दुसरी ओळ जास्त पाहा.

सरळरेघ यांना तारीख हवी आहे, काटेकोर यांना आकडे. इथे दोन्ही आहेत, वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं म्हणून.

पायवाट

धन्यवाद! पाहिली तारीख. अपडेट आलेलं होतं, लावते आहे.

जुनाजाणता

मी लिनक्सच्या एका वितरणासाठी (कर्नल आणि इतर प्रोग्राम एकत्र करून दिलेला संच) पॅकेजं बांधतो. आकड्यावर फार विसंबणाऱ्यांनी आमच्याकडे काय घडतं तेही पाहावं.

हार्टब्लीड ही त्रुटी, एप्रिल २०१४. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीच्या १.०.१ पासून १.०.१एफपर्यंत सगळ्या आवृत्त्या सदोष, १.०.१जीमध्ये दुरुस्ती. डेबियन या वितरणाच्या तेव्हाच्या स्थिर आवृत्तीत मात्र १.०.१ई होती, आणि दुरुस्तीनंतरही ती १.०.१ईच राहिली. फक्त मागे जोडलेला पॅकेजचा आकडा बदलला, शेवटी 'डेब७यू५' आलं. कारण स्थिर वितरणात आम्ही नवी आवृत्ती आणत नाही. नव्या आवृत्तीतला तेवढा पॅच काढून जुन्या कोडवर बसवतो. यालाच बॅकपोर्ट म्हणतात. अनुस्वार ज्याला एकटी दुरुस्ती म्हणतात, ते काम वितरणवाले वर्षानुवर्षं हाताने करत आले आहेत.

याचा त्रास असा की नुसता पुढचा आकडा वाचणारी स्कॅनर साधनं '१.०.१ई आहे, सदोष' असा अहवाल देतात, आणि मग रात्रपाळी यांच्यासारख्यांना वरिष्ठांना समजावत बसावं लागतं.

त्यामुळे माझी मागणी वेगळीच आहे. आकडा कुठलाही द्या. प्रत्येक सुरक्षा दुरुस्तीचा कमिट (कोडमधल्या बदलाची एक नोंद) वेगळा, लहान आणि स्वतंत्र ठेवा. त्यात कोडची नीटनेटकी मांडणी, नावबदल, 'जाता जाता हेही केलं', असं काही मिसळू नका. आणि कुठला कमिट कुठल्या सीव्हीईसाठी (उघड झालेल्या त्रुटीला मिळणारा क्रमांक) आहे ते जाहीर निवेदनात लिहा. मूळ लेखक हे करत नाहीत तेव्हा आम्हाला शेकडो ओळींतून नेमक्या चार ओळी शोधाव्या लागतात, आणि चुकलो तर दुरुस्ती अर्धवट राहते.

रात्रपाळी

जुनाजाणता, स्कॅनरचा मुद्दा अगदी खरा. तुमच्यासारखे लोक आहेत म्हणून आमच्या रात्री बऱ्या जातात. मनापासून आभार.

उंबरठा

आकड्यांचं आणखी एक अंग आहे. माणसं आकडे वाचतात त्यापेक्षा जास्त वेळा प्रोग्राम वाचतात. आणि प्रोग्राम फार वाईट वाचतात. १.० च्या आधी हे ठरवाच.

पायथन ३.१० आलं तेव्हा कित्येकांच्या वाय‌एएमएल फाइलमध्ये, म्हणजे सेटिंग लिहायच्या फाइलमध्ये, ३.१० अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेलं होतं. ते दशांश संख्या म्हणून वाचलं गेलं, म्हणजे ३.१, आणि यंत्रणा पायथन ३.१ शोधू लागली. आवृत्ती म्हणजे दशांश अपूर्णांक नाही. १.१० ही १.९ च्या पुढची आहे.

ऑपेरा ब्राउझर १० वर गेला तेव्हा अनेक साइट पहिला एकच अंक वाचून त्याला आवृत्ती १ समजत. शेवटी ऑपेराला स्वतःची ओळख ९.८० अशीच देत राहावं लागलं आणि खरा आकडा मागे वेगळा लिहावा लागला. क्रोम आणि फायरफॉक्स २०२२ मध्ये १०० वर गेले, तेव्हा दोघांनीही तीन अंकी आकड्याने काय मोडतं ते महिनोन् महिने आधीपासून तपासलं.

सुरक्षेशी थेट संबंध असलेली दोन उदाहरणं मला सगळ्यात बोलकी वाटतात. लिनक्स ४.९ च्या दीर्घकालीन शाखेत इतक्या दुरुस्त्या आल्या की फेब्रुवारी २०२१ मध्ये तिसरा आकडा २५५ च्या पुढे गेला. त्या आकड्याला आत आठच बिट ठेवलेले. त्यामुळे प्रोग्रामांच्या नजरेला ४.९.२५६ आणि ४.१०.० एकच दिसू लागलं. ४.४ चीही तीच गत. दुरुस्त्या वारंवार काढल्या म्हणून आकड्याची जागा संपली! वारंवार काढायच्या असतील तर आधी जागा ठेवा.

दुसरं ॲपलचं. २०२३ मध्ये त्यांनी झटपट सुरक्षा दुरुस्तीची पद्धत सुरू केली. पूर्ण अपडेट न करता छोटा तुकडा चढवायचा, आणि आवृत्तीच्या मागे कंसात एक अक्षर लावायचं. कल्पना उत्तम होती, अनुस्वार मागताहेत नेमकी तीच. पण त्याच जुलैत १६.५.१ वरच्या 'ए' तुकड्यानंतर काही साइट उघडेनात. ब्राउझर स्वतःची ओळख देताना ते कंसातलं अक्षरही देत होता आणि साइटना ते वाचता येत नव्हतं, असं तेव्हा समोर आलं. तुकडा मागे घेऊन 'सी' काढावा लागला. सुरक्षेचा कोड ठीक होता, आकड्याच्या शेपटीने घोळ केला.

म्हणून: तीन पूर्णांक, मध्ये टिंब, बस. अक्षरं नकोत, कंस नकोत. अक्षरं संपतातही. ओपनएसएसएल ०.९.८ची वायपर्यंत गेली आणि पुढे झेडए, झेडबी करावं लागलं.

काटेकोर

उंबरठा, उत्तम प्रतिसाद. जपून ठेवतो.

तिठा

तीन पूर्णांकांतच सुरक्षेला जागा देण्याचा एक प्रयत्न झाला होता, तो इथे नोंदवतो. जावा ९ मध्ये आकड्याची रचना मेजर, मायनर, सिक्युरिटी अशी ठरवली होती. तिसरा आकडा सुरक्षेचाच. आणि त्यात एक सुंदर नियम होता: मायनर वाढला तरी सिक्युरिटीचा आकडा शून्यावर आणायचा नाही. म्हणजे एकाच मेजरमधल्या दोन आवृत्त्या समोर ठेवल्या तर ज्याचा तिसरा आकडा मोठा ती जास्त सुरक्षित, मधला काहीही असो. एका नजरेत उत्तर.

जावा १० पासून, म्हणजे २०१८ मध्ये, ही रचना बदलली, कारण रिलीज सहा महिन्यांच्या ठरलेल्या वेळापत्रकावर गेले. मला मात्र ती कल्पना अजूनही आवडते. अनुस्वार, तुमचा प्रोग्राम नवा आहे, तुम्हाला हे करता येईल.

त्याआधीच्या जावामध्ये ओरॅकलने दुसरी युक्ती केली होती, तीही पाहण्यासारखी आहे. सोयींच्या अपडेटना २०च्या पटीतले आकडे, सुरक्षेच्या अपडेटना मधले विषम आकडे. मध्ये रिकाम्या जागा मुद्दाम सोडलेल्या, अचानक काही काढावं लागलं तर आकडा हाताशी असावा म्हणून. वापरणाऱ्याला मात्र ४५ नंतर ५१ का आलं हे कळायला मार्ग नसे.

काटेकोर

शून्यावर न आणण्याची कल्पना ऐकायला छान आहे, पण पॅकेज मॅनेजर सेमव्हर धरून चालतात. १.१.० कधी आलंच नाही, थेट १.१.४ आलं, तर लोक मधल्या आवृत्त्या शोधत बसतील. साधनं ज्या भाषेत बोलतात तीच बोलावी.

तिठा

१.१.४ हा सेमव्हरप्रमाणे वैध आकडा आहे, साधनं अडणार नाहीत. माणसं शोधतील हे खरं. एक ओळ लिहून ठेवली तर पुरेल. इथे आपलं पटणार नाही असं दिसतं, ठीक आहे.

सरळरेघ

आता वेगाबद्दल. सगळे 'लवकर काढा' म्हणताहेत म्हणून दुसरी बाजू मांडतो, आणि ती मला मनापासून पटते.

एक्सझेड हे फाइल दाबून लहान करणारं साधन आठवा. ५.६.० फेब्रुवारी २०२४ मध्ये आलं, ५.६.१ मार्चमध्ये, दोन्हींत मागचं दार मुद्दाम घातलेलं. आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच (दूरच्या यंत्रात शिरण्याची पद्धत) लॉगिनला अर्ध्या सेकंदाचा उशीर खटकला म्हणून ते मार्चअखेरीस सापडलं. तोवर ते कुणापर्यंत पोचलं होतं? जे सगळ्यात आधी नवं घेतात त्यांच्यापर्यंत: डेबियनच्या चाचणी शाखा, फेडोराच्या पुढच्या आवृत्तीचं बीटा. स्थिर डेबियन चालवणाऱ्यांच्या यंत्रात ते नव्हतंच. थांबणाऱ्यांना थांबण्याने वाचवलं.

आणि १९ जुलै २०२४. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज यंत्रं बंद पाडली. त्यांच्या ग्राहकांना सेन्सरची, म्हणजे यंत्रावर बसवलेल्या त्यांच्या प्रोग्रामची, आवृत्ती एक किंवा दोन पावलं मागे ठेवायची सोय होती. ज्यांनी ती घेतली होती तेही पडले, कारण जे आलं ती आवृत्ती नव्हतीच, माहितीची फाइल होती. ती त्या आकड्यात मोजली जात नव्हती आणि सगळ्यांकडे एकदमच गेली.

'तयार झालं की त्याच दिवशी सगळ्यांना' हे मला धोकादायक वाटतं.

उंबरठा

सरळरेघ, दुसऱ्या उदाहरणातून मी उलट निष्कर्ष काढतो. जे काही वापरणाऱ्याच्या यंत्राचं वागणं बदलतं, ते आकड्याखाली आलंच पाहिजे. नियमांची फाइल असो, ब्लॉकलिस्ट असो, काहीही. आणि आधी थोड्यांना, मग जास्तांना, असं टप्प्याटप्प्याने गेलं पाहिजे.

एक्सझेडबाबत: ते नवं रिलीज होतं, सुरक्षा दुरुस्ती नव्हती. स्थिर डेबियनवाले नव्या आवृत्त्यांसाठी थांबतात, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या रोज घेतात. जुनाजाणता सांगतीलच. थांबण्याच्या बाजूचा हा पुरावा मला तरी वेगळा काढण्याच्या बाजूचा वाटतो.

जुनाजाणता

हो, तसंच आहे. दोन वेगळे पाट असतात. नव्याचा पाट संथ, सुरक्षेचा जलद. ते एकत्र केले की दोन्हींतलं वाईट तेवढं मिळतं.

रात्रपाळी

पण उंबरठा, जलद म्हणजे किती? मला वार हवा हे मी पहिल्यांदाच म्हटलं.

उंबरठा

मुक्त-स्रोत असल्यामुळे अनुस्वार यांच्या प्रकल्पाला एक अडचण आहे जी बंद प्रोग्रामांना त्या प्रमाणात नसते. दुरुस्तीचा कमिट सार्वजनिक भांडारात गेला की हल्ला करणारा तो वाचू शकतो. कमिट दिसल्यापासून वापरणाऱ्याच्या हातात अपडेट पडेपर्यंतचा काळ म्हणजे उघडं दार. क्रोमच्या लोकांनी हा काळ जाहीरपणे मोजला आहे. आवृत्ती ७७ च्या आधी सरासरी ३५ दिवस होता. दर पंधरवड्याला सुरक्षा अपडेट काढू लागल्यावर सुमारे १५ वर आला. मग ऑगस्ट २०२३ मध्ये, आवृत्ती ११६ पासून, दर आठवड्याला काढू लागले. सोयींचं वेळापत्रक मात्र चार आठवड्यांचंच ठेवलं. पुन्हा दोन पाट.

आणि दार उघडं राहिलं तर किती वेळ मिळतो? साइट बनवायचा द्रुपल हा प्रोग्राम, १५ ऑक्टोबर २०१४. एसक्यूएल इंजेक्शनची (बाहेरून डेटाबेसला हुकूम देता येण्याची त्रुटी) दुरुस्ती ७.३२ मध्ये जाहीर झाली. काही तासांत आपोआप हल्ले सुरू झाले. पुढे त्यांच्याच सुरक्षा गटाने लिहिलं की जाहीर झाल्यापासून सात तासांत ज्यांनी दुरुस्ती लावली नाही त्यांनी आपली साइट फुटली असंच धरावं. सात तास! तीन महिन्यांचं वेळापत्रक सोडा, महिन्याचा मंगळवारही अशा वेळी निरुपयोगी.

रात्रपाळी

द्रुपलवाल्यांनी त्यातून पुढे जे केलं ते मला पटलं. मार्च २०१८ मध्ये तशीच गंभीर त्रुटी निघाली तेव्हा त्यांनी आठवडाभर आधी जाहीर केलं: २८ मार्चला, अमुक वेळेत, गंभीर दुरुस्ती येते आहे, माणसं तयार ठेवा. त्रुटी काय ते सांगितलं नाही. मला वार हवा म्हणजे खरं तर हेच हवं. आधी कळलं पाहिजे. एरवी त्यांचा बुधवार ठरलेलाच असतो.

सरळरेघ

आधी जाहीर केलं की हल्ला करणारेही तयार बसतात.

रात्रपाळी

ते तसेही बसलेलेच असतात. झोपलेले आम्ही असतो.

तिठा

वर्डप्रेस या साइट बनवायच्या प्रोग्रामने तिसरा मार्ग काढला होता. ३.७ पासून, म्हणजे ऑक्टोबर २०१३ पासून, छोट्या दुरुस्त्या साइटवर आपोआप चढतात. ४.७.२ जानेवारी २०१७ च्या अखेरीस आलं तेव्हा त्यातल्या सगळ्यात गंभीर त्रुटीबद्दल त्यांनी आठवडाभर मुद्दाम काही सांगितलं नाही, स्वयंचलित अपडेट पोचायला वेळ मिळावा म्हणून. त्यानंतर उघड केलं. ज्यांनी आपोआप अपडेट बंद ठेवलं होतं त्यांच्या असंख्य साइटची पानं बदलली गेली. बाकीचे वाचले.

आपोआप चढवायचं धाडस त्यांना करता आलं कारण त्या दुरुस्तीत दुसरं काही नसतं. फिरून तिथेच येतो.

पायवाट

एक बाळबोध प्रश्न. जुनी आवृत्ती वापरणाऱ्यांचं काय? मी कायम जुन्यावरच असते.

जुनाजाणता

बाळबोध मुळीच नाही, धोरणातला सगळ्यात महागडा भाग तोच आहे. दुरुस्ती एकटी काढायची म्हणजे जितक्या शाखा जिवंत तितक्या वेळा ती बसवायची, तितक्या वेळा तपासायची. वर लॉग४जेचा उल्लेख आला. त्यांना जावा ७ वाल्यांसाठी २.१२.२ आणि जावा ६ वाल्यांसाठी २.३.१ अशा जुन्या फांद्यांवरही दुरुस्त्या न्याव्या लागल्या. वर्डप्रेसने ३.७ ते ४.० या शाखांना डिसेंबर २०२२ पर्यंत दुरुस्त्या दिल्या आणि मग थांबवल्या.

स्वयंसेवकांनी चालवलेल्या प्रकल्पाने दोनपेक्षा जास्त शाखांचं वचन देऊ नये असं मला वाटतं. आणि शाखा बंद होण्याची तारीख ती सुरू होते त्या दिवशीच लिहावी. पायथनचं असंच आहे, प्रत्येक ३.एक्सला पाच वर्षं, शेवटची वर्षं फक्त सुरक्षेची. 'सपोर्ट आहे का हो?' असं विचारावं लागणं हेच वाईट.

आणखी एक. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स कायदा डिसेंबर २०२४ मध्ये अंमलात आला, त्यातली मुख्य बंधनं ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल तिथे सुरक्षा अपडेट सोयींच्या अपडेटपासून वेगळं द्यावं, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. तुमच्यासारख्या बिनव्यापारी प्रकल्पांना त्यातून बरीच मोकळीक आहे. पण तुमचा कोड घेऊन कोणी उत्पादन विकलं तर तो तुमच्याकडे वेगळी दुरुस्ती मागणारच.

अनुस्वार

सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. आमच्या गटात काल बसून मसुदा केला. इथे मांडतो, खोडा.

आकडा तीन पूर्णांकांचा. सोयी आल्या की दुसरा वाढेल, तिसरा फक्त दुरुस्त्यांसाठी. ज्या रिलीजमध्ये सुरक्षेची दुरुस्ती असेल त्यात दुसरं काहीही नसेल, साधा बग फिक्ससुद्धा नाही. दोन्ही एकाच दिवशी तयार असले तर आधी सुरक्षेचं १.०.१, मग बाकीचं १.०.२. तिठा यांची शून्यावर न आणण्याची कल्पना मला फार आवडली, पण मतदानात पडली. त्याऐवजी चेंजलॉगच्या, म्हणजे बदलांच्या यादीच्या, पहिल्या ओळीत आणि यंत्राला वाचता येईल अशा एका फाइलमध्ये 'सुरक्षा: हो/नाही' आणि सीव्हीई क्रमांक देणार. डेटाबेसचा बदल तिसऱ्या आकड्यात कधीच नाही. नियमांच्या फाइललाही स्वतःचा आकडा असेल.

वेळ: सोयी तीन महिन्यांनी. सुरक्षेसाठी महिन्यातला एक बुधवार राखीव, काही नसेल तर काही निघणार नाही. गंभीर त्रुटी असेल आणि अजून उघड झाली नसेल तर दोन दिवस आधी सूचना देऊन काढू. उघड झाली असेल किंवा हल्ले चालू असतील तर सूचनेची वाट न पाहता, तयार होताच. दुरुस्तीचा कमिट सार्वजनिक भांडारात रिलीजच्याच दिवशी जाईल, आधी नाही. शाखा दोन, बंद होण्याच्या तारखेसह.

रात्रपाळी

मी सही करतो याखाली. फक्त सूचना आठवडाभर आधी द्या, दोन दिवसांत माणसं जमत नाहीत.

उंबरठा

एक भर घाला. गंभीर दुरुस्ती काढायची वेळ आली तेव्हा टॅगवर (रिलीजची खूण) सही करायची किल्ली ज्यांच्याकडे आहे असे निदान दोन जण असू द्या, आणि सगळी प्रक्रिया एकदा साध्या १.०.१ वर करून पाहा. त्रुटी नसताना. खऱ्या दिवशी पहिल्यांदा करू नका.

अनुस्वार

रात्रपाळी, आठवडा मान्य, दोन दिवस खोडले. उंबरठा, सध्या किल्ली माझ्या एकट्याकडे आहे, दुसरी आजच करून घेतो. १.० च्या पाठोपाठ एक रिकामं १.०.१ काढू आणि त्याच दिवशी मागेही येऊन पाहू. जुनाजाणता, त्या वेळी तुमच्या बाजूने पॅकेज बांधून पाहाल का? कमिट वेगळा काढायला तुम्हाला कुठे अडतं ते तेव्हाच कळेल.

जुनाजाणता

पाहीन. टॅग पडला की इथेच कळवा.